रंगूनवालीचा फेटा

कोल्हापुरात आईबापांनी ठेवलेलं नाव फार दिवस टिकत नाही. पेठ आपलं एक नाव ठेवते आणि तेच माणसाला जन्मभर पुरतं. मेहरुन्निसा मंगळवार पेठेत राहायला आली आणि आठवड्याच्या आत तिची 'रंगूनवाली' झाली. आपलं नाव मेहरुन्निसा आहे, असं तिनं चार जणांना सांगून पाहिलं. चौघांनीही मान डोलावली आणि पाचव्याला सांगितलं, "रंगूनवालीचं नाव मेहरुन्निसा हाय बरं का."

ती आली १९६४ साली, बावीस वर्षांची असताना. रंगूनमध्ये तिच्या बापाचं, दिलदारचं, चहाचं दुकान होतं. त्या वर्षी तिथल्या सरकारनं दुकानं ताब्यात घेतली आणि हजारो हिंदुस्थानी माणसांना बोटीची वाट धरावी लागली. बापलेक मद्रासला उतरले. छावणीत ताप आला आणि दिलदार तिथंच गेला. जायच्या आधी त्यानं कोल्हापुरातल्या आपल्या बहिणीला, लालबीला, एक पत्र टाकलं होतं. लालबी पोराला घेऊन मद्रासला गेली, भाचीला घेऊन आली आणि दोन महिन्यांनी त्याच पोराशी तिचा निकाह लावून दिला. पोराचं नाव गौस. त्याचं छत्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. पावसाळ्यात छत्र्या आणि उरलेले आठ महिने स्टोव्ह आणि कुलपं. गौस मऊ स्वभावाचा माणूस. बायकोला बुद्धिबळ येतं हे कळल्यावर, 'मग मला काय येतं?' असा विचार करत तो दोन दिवस गप्प बसला होता.

आणि तिला ते नुसतं येत नव्हतं. रंगूनच्या दुकानात दोन टेबलांवर कायम पट मांडलेले असत. खलाशी, कारकून, लाकडाचे व्यापारी, जो येईल तो खेळे. हरलेलं गिऱ्हाईक चिडून आणखी एक चहा मागवतं, हे दिलदारच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यानं नऊ वर्षांच्या पोरीला टेबलाशी बसवलं. ती चौदाची होईतो दुकानाचा चहा दुप्पट खपायला लागला होता.

गौसच्या दुकानासमोर रस्ता ओलांडला की तालीम. कोल्हापूरला कुस्तीचं वेड आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण गुडघे गेलेले पैलवान पुढं काय करतात हे कुणी विचारत नाही. या तालमीतले बुद्धिबळ खेळत, आणि तेही कुस्तीसारखंच, मांड्या थोपटून. तालमीच्या कट्ट्यावर रोज दुपारी पट पडायचा. दर दिवाळीच्या पाडव्याला मोठी बैठक व्हायची. पेठेतले सोळा खेळाडू उतरायचे आणि शेवटी जिंकेल तो वर्षभराचा वस्ताद. बक्षीस म्हणून एक फेटा. तो हातात द्यायचा नाही. मावळत्या वस्तादानं नव्या वस्तादाच्या डोक्याला स्वतःच्या हातानं बांधायचा, कट्ट्यावर, सगळ्या पेठेदेखत. तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला तर नुसता नारळ. फेटा एकदाच. मग तालमीच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर सालापुढं त्याचं नाव चढायचं. १९५६ पासून त्या फळ्यावर एकच नाव खाली खाली येत होतं, अण्णासो.

अण्णासो शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलाईचं काम करायचा. हात असे की पेठेतल्या प्रत्येक नवरदेवाला फेटा बांधायला त्यालाच बोलावत. त्यानं बांधलेला फेटा वरातीत घोडा उधळला तरी हलत नसे. माणूस वाईट नव्हता. पण नऊ वर्षं न हरलेल्या माणसाला जे होतं ते त्याला झालेलं होतं.

१९६५ च्या हिवाळ्यात एका दुपारी गौस माल आणायला गेला होता आणि मेहरुन्निसा दुकानात बसून स्टोव्हला पिन मारत होती. समोर अण्णासो आणि तालमीचा कारभारी पिराजी यांचा डाव रंगला होता. पिराजीनं घोड्याला हात घातला आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "घोडा मत उठाव, फँसेगा!"

पिराजीनं रागानं घोडा उचलला आणि चार चालींत तो फसला. अण्णासो खदाखदा हसला. "अगं, तू हाईस कोण? ये की मग हिकडं!"

ती गेली. पट कट्ट्याच्या कडेला सरकवला गेला. तो वर बसून, ही खाली रस्त्यावर उभी. तिनं पहिलंच प्यादं दोन घरं पुढं टाकलं तेव्हा अण्णासोनं बोटानं ते एक घर मागं ढकललं. "हितं प्यादं एकच घर चालतंय. कितीबी लाडात आलं तरी एकच." मग त्याच्या राजानं घोड्यासारखी अडीच घरं उडी मारली. तिनं तोंडाकडं बघितलं. "राजाला एकडाव उडी असती, शह बसायच्या आधी," तो म्हणाला. तिनं तेही गिळलं. आणि मग ती खेळली. तासाभरात तिनं त्याची प्यादी खाल्ली, हत्ती खाल्ले, उंट खाल्ले, वजीर खाल्ला, आणि शेवटचा घोडा उचलून पटाबाहेर ठेवला तो चांगला आवाज करून.

कट्ट्यावर हशा पिकला. "बुर्जी! बुर्जी!"

तिला काही कळेना. तेव्हा अण्णासोनंच सांगितलं. देशी खेळात राजा एकटा उरला की बुर्जी होते, म्हणजे डाव बरोबरीत सुटतो. जिंकायचं तर समोरच्याचा एखादा मोहरा जिवंत ठेवून मात करायची. "रंगूनवाले, भूक लई हाय तुला. सगळं खाऊन बसलीस, आन् हातात काय आलं?"

"पावण्यानं पाहुणचार घ्यावा," पिराजी म्हणाला, "डाव मांडू न्हाई."

तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो त्यांच्यावर नव्हता, स्वतःवर होता. सगळं काढून घेतलं की माणूस किती बिनघोर होतं, त्याला मग कशाचीच मात बसत नाही, हे रंगूनचं बंदर सोडणाऱ्या पोरीला कुणी सांगायला हवं होतं का? तरी पटावर तिनं तीच चूक केली.

मग स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं पट आखला गेला. देशी खेळाचे सगळे नियम तिनं कट्ट्याकडे कान लावून गोळा केले. प्यादं ज्या घरात शेवटाला पोचेल त्या घराचा मोहरा होतं. हत्तीनं किंवा वजिरानं केलेली मात साधी आणि प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत मानाची. समोर बसायला गौस होता, पण गौस सात चालींत हरायचा आणि वर शाबासकी द्यायचा. म्हणून तिनं सासूला बसवलं. लालबी हरायला लागली की तिचा पदर नेमका पटावर पडायचा आणि मोहरे आडवे व्हायचे.

महिन्याभरानं ती पुन्हा कट्ट्याखाली जाऊन उभी राहिली. या वेळी पिराजीची तयारी होती. "तालमीच्या आवारात बाईमाणूस चालत न्हाई. मारुतीचं ठिकाण हाय."

"आवार कुठंपर्यंत आहे?" तिनं विचारलं.

"खालच्या पायरीपातुर."

ती परत गेली. दुकानात स्टूल उलटं फिरवून तालमीकडं पाठ करून बसली, मोडकी छत्री मांडीवर घेतली आणि ओरडली, "राजाचं प्यादं, एक घर!"

अण्णासो म्हणाला, "अगं, तुझा पट कुठाय?"

"तुमच्याजवळ हाय की! दोघांना एक बास झाला!"

तिचं हे पहिलं कोल्हापुरी वाक्य. तो डाव ती हरली, दुसराही हरली, पण न बघता हरली आणि चाळीस चाली टिकून हरली. तेव्हापासून तेच चालू झालं. हिची पाठ तालमीकडं, हातात छत्रीच्या काड्या, आणि रस्त्याच्या मधोमध गौस उभा राहून इकडची चाल तिकडं नि तिकडची इकडं ओरडून सांगणार. सायकलवाले त्याला वळसा घालून जायचे. एकदा त्यानं अण्णासोच्या घोड्याची चाल चुकीची सांगितली. ती मान न वळवता म्हणाली, "घोडा तिथं जाऊच शकत न्हाई. नीट बघून या." गौस नीट बघून आला. चूक त्याचीच होती.

तीन वर्षांत कट्ट्यावरचे सगळे तिच्याकडून हरून झाले. अण्णासो तेवढा दहा डावांत सहा जिंकायचा. १९६८ च्या दिवाळीआधी तिनं गौसच्या हातून निरोप धाडला, मला पाडव्याच्या बैठकीत घ्या. पिराजी स्वतः दुकानापुढं आला.

"बाईमाणूस कट्ट्यावर बसत न्हाई. ठावं हाय न्हवं?"

"बसतो कुठं मी? मी दुकानात असतो. आवाज तेवढा कट्ट्यावर येतो," ती म्हणाली. एव्हाना इथल्या बायकांसारखी तीही 'मी आलो, मी गेलो' म्हणायला लागली होती. "आवाजाला बी बंदी हाय काय?"

बघे हसले. पिराजीनं मग ठेवणीतला हुकमाचा पत्ता काढला. "बैठक पेठंची हाय. तू पेठंची हाईस? मतदाराच्या यादीत नाव हाय तुझं? दर साली पोलीस कचेरीत जाऊन परदेशी म्हणून सही करतीस, आन् हितं वस्ताद व्हतीस?"

हे मात्र तिला लागलं. कारण ते खरं होतं. दर वर्षी गौस तिला घेऊन त्या कचेरीत जायचा आणि परदेशी माणसांच्या वहीत तिची सही व्हायची. सासू इथली, नवरा इथला, नळावरच्या भांडणात तिची घागर सगळ्यांत पुढं, पण वहीत ती रंगूनची. आणि रंगूनमध्ये ती कोल्हापूरची.

तिनं कागद मिळवायचं ठरवलं. त्याला सहा वर्षं लागली. बापाच्या जन्माचा दाखला आणा म्हणाले, तो रंगूनमध्येच राहिलेला. रंगूनहून कागद आणा म्हणाले, तर तिथून पत्राला उत्तर येत नव्हतं. हेलपाटे घालून घालून तिच्या चपलेचे दोन तळ झिजले. कचेरीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं विचारलं, "बाई, एवढी घाई कसली? कुठं जायचंय का?" ती म्हणाली, "जायचं न्हाई म्हणूनच पाहिजे."

१९७४ च्या श्रावणात तो कागद आला. ती कट्ट्यासमोर रस्त्यावर उभी राहिली आणि गौसला मोठ्यानं वाचायला लावला. सरकारी इंग्रजी गौसला येत नव्हतं. त्यानं नाव तेवढं वाचलं आणि शिक्का फिरवून सगळ्यांना दाखवला.

"पावणा तीन दिसांचा असतोय," ती पिराजीला म्हणाली. "मला दहा वर्षं झाली. आता सांगा काय राहिलं."

पिराजी काहीतरी सांगणार होता. अण्णासोनं हात वर केला. "खेळू दे रं तिला. हरंल आन् गप बसंल."

ती हरली, पण गप्प बसली नाही. त्या पाडव्याला उपांत्य डावात गेली, पुढच्या साली अण्णासोसमोर शेवटच्या डावात. दोन्ही वेळा दुकानातून, तालमीकडं पाठ करून. १९७६ ला पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. समोरासमोर म्हणजे आपलं बोलायची पद्धत.

डाव सकाळी सुरू झाला, दुपार कलली तरी संपेना. पाडव्याची ओवाळणी सोडून बायका गल्लीच्या तोंडाशी उभ्या. अण्णासोकडं राजा आणि एक घोडा उरला होता. हिच्याकडं हत्ती आणि दोन प्यादी. आपला डाव गेला हे अण्णासोला कळलं होतं, पण हरायची त्याला सवय नव्हती. त्यानं घोडा आपणहून तिच्या हत्तीच्या तोंडी दिला. ती खाईल, राजा एकटा पडेल, बुर्जी होईल, वस्तादी राहील.

गौसनं चाल ओरडून सांगितली. लोक ओरडले, "खा की!" तिनं छत्रीची काडी सरळ केली आणि प्यादं एक घर पुढं सारलं. अण्णासोनं घोडा पुन्हा तोंडी दिला. तिनं पुन्हा प्यादं सारलं. तिसऱ्यांदा त्यानं घोडा दिला तोवर, तो जिवंत ठेवून ही प्याद्यानं मात करणार हे सगळ्यांना दिसलं होतं.

"उंटाचं प्यादं, एक घर," ती म्हणाली. "आन् मात."

प्यादेमात. अण्णासोनं स्वतःचा राजा स्वतः आडवा केला. मग उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जिंकली. मी चारचौघांत म्हणतोय, जिंकली."

पिराजी तबक घेऊन रस्त्यावर आला. तबकात नारळ, खण आणि हिरव्या काठाची साडी. फेटा नव्हता. म्हणजे जिंकली तर काय द्यायचं हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

मेहरुन्निसानं तबकाकडं बघितलं. "साडी नेसूनच आलोय की मी. साडी हाय मला. फेटा न्हाई तेवढा."

"बाईला फेटा?" पिराजी म्हणाला. "कोण बांधंल?"

"रीत हाय तुमची. अण्णा बांधतील."

अण्णासो कट्ट्याच्या कडेला आला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "पोरी, आजवर हजार डोक्यांना फेटा बांधला असंल मी. बाईच्या डोक्याला बांधला न्हाई, बांधणार न्हाई. तू जिंकलीस. पर फेटा मागू नगं."

"मग काय मागू? खण?"

तबक तसंच रस्त्यावर ठेवून ती दुकानात गेली. तालमीच्या फळ्यावर रंगाऱ्यानं १९७६ लिहिलं आणि पुढं काय लिहू म्हणून विचारलं. पुढं कोरंच राहिलं.

इथून पुढं जे झालं ते मंगळवार पेठेतच होऊ शकतं. १९७७ ला ती जिंकली. तबक आलं, तिनं परत धाडलं. १९७८ ला जिंकली, साडी परत. ७९, ८०, ८१. फेटा एकदाच बांधायचा होता आणि तो बांधला गेला नव्हता, त्यामुळे दर पाडव्याला पिराजी नव्या साडीनं तो वाद मिटवायला बघायचा. रंग दर वर्षी अधिक भारी. चौथ्या वर्षी पैठणीच्या काठाची आणली. तिनं बोटानं पोत बघितला, "चांगली हाय," म्हणाली आणि परत दिली. आदल्या साली परत गेलेली साडी संक्रांतीला पिराजीच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या अंगावर दिसली. मेहरुन्निसानं तिला नळावर विचारलं, "कितवा डाव जिंकलासा वैनी?" झुंबरबाई महिनाभर दुसऱ्या नळावर जात होती.

बोलणारे सगळीकडं असतात. त्यांच्याच जमातीतल्या एका बुजुर्गानं गौसला गाठून सांगितलं, "बीबीला आवर. मर्दांच्या खेळात बाईनं पडू नये." गौस म्हणाला, "मला आवरायला आलं असतं चाचा, तर मी रस्त्यात उभा राहून तिच्या चाली कशाला ओरडल्या असत्या?" शेजारची बायडाबाई लालबीला म्हणाली, सूनबाई हट्टी आहे, एक साडी तरी घ्यायची. लालबीनं तिला चहा पाजला आणि मग झापलं. "माझ्या भावाचं दुकान घेतलं, त्याच्या बदल्यात काय दिलं गं कुणी? हिचं हक्काचं हाय ते घेऊ दे. साड्या मी घेतो तिला."

पेठेबाहेर गोष्ट वेगळी होती. सांगली, बेळगाव, पुणे, जिथं विलायती नियमांचे सामने भरत तिथं ती जायला लागली. ते नियम तिला रंगूनपासून पाठ. अडचण एकच आली, समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं. दहा-बारा वर्षं तालमीकडं पाठ करून खेळलेल्या बाईला त्या तोंडाचा त्रास व्हायचा. सांगलीत एका वकिलाला तिनं सांगितलंही, "जरा बाजूला तोंड करून बसा, मला डाव दिसंना झालाय." घरात छत्र्यांच्या वरच्या फळीवर कप उभे राहिले. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी तिला 'कोल्हापूरच्या मेहरुन्निसा' म्हटलं. कोल्हापूर तेवढं म्हणत नव्हतं.

१९८० ला पुण्याचे एक गृहस्थ आले. एका मंडळातर्फे बोलणं घेऊन आले होते. पुण्यात खोली, गौसला कारखान्यात काम, हिला खेळायला सगळी मोकळीक. गौसनं मनातल्या मनात सामान बांधलंसुद्धा. तिनं चहा दिला आणि विचारलं, "तिथं फेटा बांधतील मला?"

"अहो, एक काय, दहा बांधतील!"

"मग त्यांनी कुणाला तरी बांधावा," ती म्हणाली. "एका गावातनं मला काढलं. दुसऱ्यातनं मी आपणहून जाणार न्हाई. आन् जाईन तर डोकं झाकून जाईन."

गृहस्थांना ते कळलं नाही. गौसला कळलं. त्यानं मनातलं सामान मनातच सोडलं.

पण वय कुणासाठी थांबत नाही. १९८१ नंतर अण्णासो बैठकीत उतरेनासा झाला. हाताला कंप सुटला होता. नवरदेवही आता तयार फेटे आणायला लागले होते. तो कट्ट्यावर भिंतीला टेकून बसायचा आणि तिच्या चाली ऐकायचा. पेठेत लोक दबक्या आवाजात हिशेब करायला लागले, की म्हातारा गेला तर रंगूनवालीला फेटा बांधायला मावळता वस्ताद उरणारच नाही. तिलाही हा हिशेब येत होता. तरी तिनं फेटा मागणं कमी केलं नाही.

१९८४ च्या पाडव्याला शेवटच्या डावात तिच्यासमोर बाळासो आला. पिराजीचा पुतण्या, सव्वीस वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर काम करणारा. त्याचं लहानपण त्या रस्त्यावर गेलं होतं आणि चाली ऐकतच तो खेळायला शिकला होता. तो बोलला नाही, मांडी थोपटली नाही. अडीच तास खेळला आणि एकेक घर पुढं येत राहिला. ती बेचाळिसाची झाली होती. कुठं चुकलं हे तिला सहा चाली आधी कळलं. शेवटची चाल गौस ओरडायला तोंड उघडतोय तोवर तीच म्हणाली, "सांगू नगा. हत्तीनं मात."

तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आठ वर्षं राखलेलं गेलं, तेही हातात काही न घेता.

कट्ट्यावर पिराजीला तर आभाळ ठेंगणं झालं. घरातलाच पोरगा वस्ताद, आणि आठ वर्षांची कटकट एका डावात मिटली. त्यानं जरीकाठाचा नवा कोरा फेटा काढला आणि अण्णासोपुढं धरला. "वस्ताद, बांधा."

बाळासो मागं सरकला. "काका, मी अण्णांना न्हाई हरवलं. चाचीला हरवलं. मावळता वस्ताद बांधतोय, रीत हाय."

"ती कुठली वस्ताद? फळ्यावर नाव दाव तिचं."

"मग मी कुणाला हरवून वस्ताद झालो?" पोरगा म्हणाला. "तिथं आठ वर्षं कोण न्हाईच, तर मी कोऱ्या भिंतीला हरवलं व्हय? चाची बांधंल तर बांधून घेतो. न्हाईतर माझं बी नाव लिवू नगा."

पिराजीनं पुतण्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं. लोक त्याच्या बाजूचे नव्हते. त्यानं फेटा घेतला, पायऱ्या उतरला आणि पहिल्यांदाच दुकानाच्या आत आला. "ये बाई," तो म्हणाला. "बांध तुझ्या हातानं. झालं समाधान?"

दुसरी कुणी असती तर गेली असती. तोही मानच होता. गौसनं तिच्याकडं आशेनं बघितलं.

मेहरुन्निसा स्टुलावरून उठली आणि दुकानाच्या दारात आली, तालमीकडं तोंड करून. "मला न्हाई येत फेटा बांधायला," ती ओरडली, पिराजीला नव्हे, कट्ट्याला. "माझ्या डोक्याला कुणी बांधलाच न्हाई, तर मी बघितला कधी? ज्याचाच राहिलाय त्यानं दुसऱ्याचा कसा बांधायचा? आधी माझा बांधा. मग ह्याचा मी बांधतो. न्हाईतर कुणाचाच न्हाई!"

बाळासो बोडक्या डोक्यानं उभा. पिराजीच्या हातात फेटा लोंबत होता. सगळ्यांचे डोळे भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्याकडं लागले.

अण्णासो हात टेकत उठला. "पिराजी, किती फेटे आणलेस?"

"एकच."

"मग पळ. दुसरा आण."

"अण्णा, बाईच्या..."

"आठ वर्षामागं हरलो मी," अण्णासो म्हणाला. "हरलेल्यानं एक फेटा बांधायचा असतोय. त्यो माझ्याकडनं ऱ्हायला. आज बांधला न्हाई तर ह्या पोराचं डोकं माझ्यापायी उघडं ऱ्हाणार. पळ म्हणतो न्हवं?" मग तो कट्ट्याच्या कडेला आला आणि रस्त्यापलीकडं बघून म्हणाला, "ये वर."

"वर?" पिराजी किंचाळला. "मारुतीचं ठिकाण..."

"मारुतीला मी सांगतो."

ती रस्ता ओलांडून आली. खालच्या पायरीपाशी क्षणभर थांबली आणि मग चढली. बायका गल्लीच्या तोंडाशी होत्या त्या रस्त्यावर आल्या. लालबीनं पदर तोंडाला लावला. बाळासोनं फेट्याचं एक टोक ताणून धरलं. अण्णासोनं बांधायला घेतलं. पहिला वेढा सुटला. दुसराही घसरला. कुणीतरी मदतीला पुढं झालं तर त्यानं कोपरानं ढकललं. तिसऱ्यांदा वेढे बसायला लागले.

"घट्ट झाला?" त्यानं विचारलं.

"अजून घट्ट," ती म्हणाली. "आठ वर्षांचा हाय."

त्यानं दात आवळून ओढलं आणि शेमला पाठीवर सोडला. ती तेव्हाही रडली नाही. अण्णासो रडला आणि त्यानं ते लपवलं नाही.

दुसरा फेटा आला तेव्हा तिनं तो बाळासोच्या डोक्याला बांधला. एका बाजूला गेला, तुरा कानावर आला. लोक हसले, बाळासोही हसला, पण डोकं हलवलं नाही. शेवटची गाठ मारून ती मागं झाली आणि पोराकडं, मग पिराजीकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा वर्षाचाच हाय. पुढल्या पाडव्याला मी परत घ्यायला येणार. आन् दुकानातनं न्हाई. हितं वर बसून."

पिराजीनं अण्णासोकडं बघितलं आणि फळ्यावरची कोरी सालं भरायला रंगाऱ्याला हाक मारली.